आधी पळणारं पोर

वाशीचा खाडीपूल 1973 साली वाहतुकीला खुला झाला. नवी मुंबईच्या इतिहासात हे साल येतं ते जमिनी, कारखाने आणि सिडको यांच्या ओघात. करावे गावच्या ज्या आजी आमच्या सोसायटीत वर्षानुवर्षं मासळी घेऊन येत, त्यांच्या हिशोबात मात्र पुलाआधीचा आणि पुलानंतरचा काळ वेगळा होता तो आजारी माणूस जगण्या-मरण्यावरून. बोंबील साफ करता करता त्या सांगत, "पोरी, आमचा दवाखाना खाडीचे पल्याड. भरती आसली त मानूस वाचला, सुकती आसली त गेला."

ठाणे-बेलापूर रस्ता होता, पण त्यावरून न्यायला गाडी कुणाकडे होती? बाळंतीण अडली, कुणाला पान लागलं, ताडावरून कुणी पडलं, की घोंगडीची झोळी करायची, बंदरावर न्यायचं, होडीत घालायचं आणि ट्रॉम्बे-मानखुर्दच्या अंगाला लागायचं. पाणी ओसरलेलं असलं तर होडी चिखलात बसायची, मग ते चढेपर्यंत माणसाच्या उशाशी बसून राहायचं. आजींच्या प्रत्येक गोष्टीत एक तपशील हमखास येई. माणसाला झोळीत घालायच्या आधीच एक पोर बंदराकडे पळत सुटे. त्याचं काम एकच, तांडेलाला उठवायचं. झोळी बंदरावर पोचेतो होडी पाण्यात आणि वल्ही हातात. "पोर आदी पललं नाय, त सगला खेल खलास," असं म्हणून त्या पाटी उचलत.

पुढे बंब, रुग्णवाहिका, नियंत्रण कक्ष यांच्याबद्दल मी बरंच वाचलं, ऐकलं. त्यात या पोराइतकं नेमकं फार थोडं सापडलं.

आमच्या घरातली गोष्ट याच्याही मागची. आईचे वडील मांडवीला कापसाच्या वखारीत कारकून होते. 14 एप्रिल 1944, शुक्रवार. व्हिक्टोरिया डॉकमध्ये उभ्या असलेल्या 'फोर्ट स्टिकिन' या जहाजाला दुपारी आग लागली. जहाजाच्या पोटात सुमारे 1,400 टन स्फोटकं, त्यांच्या जोडीला कापसाच्या गाठी आणि सोन्याच्या विटा. स्फोटकं असलेल्या जहाजावर लाल बावटा लावायचा असतो, तो लावलेला नव्हता. बंब आले, पाणी मारणं सुरू झालं, आणि चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला. अर्ध्या तासाने दुसरा. मुंबई अग्निशमन दलाचे 66 जवान त्या एका दिवसात गेले. देशभर 14 ते 20 एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात तो त्यांच्यासाठी.

सोन्याची वीट कुणा पारशी गृहस्थाच्या घराचं छप्पर फोडून आत पडली, ही गोष्ट मुंबईतले सगळे म्हातारे सांगत, आजोबाही सांगत. पण ते तिथे थांबत नसत. त्यांनी त्या संध्याकाळी एका हमालाबरोबर हातगाडी ढकलली होती. गाडीवर तीन माणसं, त्यातला एक ओळखीचा. जायचं कुठे याचा विचारच नव्हता, जे. जे. हे एकच नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. सगळ्या गाड्या, लष्करी लॉऱ्या, व्हिक्टोरिया घोडागाड्या तिकडेच वळल्या. आजोबा पोचले तेव्हा आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. ज्यांना चालता येत होतं, म्हणजे ज्यांना कमी लागलं होतं, ते आधी येऊन बसले होते. जे खरे जायबंदी ते मागून आले आणि रांगेच्या शेवटी लागले. "आरडाओरडा करणाऱ्याकडे डॉक्टर धावत होते," आजोबा म्हणत, "आणि आमच्या गाडीवरचा ओरडत नव्हता." ओळखीचा माणूस तोच होता. पुढचं ते सांगत नसत.

मोठ्या दुर्घटनेत हे आजही घडतं. किरकोळ जखमी पहिल्यांदा पोचतात, जवळचं रुग्णालय तुडुंब भरतं आणि दोन किलोमीटरवरचं दुसरं रिकामं राहतं. जागेवरच माणसं बघून कुणाला आधी न्यायचं, कुणाला कुठे न्यायचं हे ठरवणारं कुणीतरी लागतं. त्या दिवशी गोदीत असं कुणी नव्हतं, कारण जे असायला हवे होते तेच जहाजाबरोबर गेले होते.

आजोबांचा मुलगा, माझा मामा, पुढे फायरमन झाला. त्या स्फोटामुळे झाला असं म्हणणं छान वाटेल, पण खरं कारण क्वार्टर्स. अग्निशमन दलात लागलं की राहायला खोली मिळत असे, आणि साठच्या दशकातल्या मुंबईत ही गोष्ट पगारापेक्षा मोठी होती. शाळेच्या सुट्टीत आम्ही भायखळ्याला त्याच्याकडे जात असू. खाली बंब, वर बिऱ्हाडं. घंटा झाली की जेवतं ताट टाकून मामा जिन्यावरून खाली. गमबूट आधीच विजारीच्या पायांत घालून ठेवलेले असत, विजार खाली दुमडलेली. बुटांत पाय घालायचे आणि विजार वर ओढायची, एका झटक्यात दोन्ही. आम्ही पोरं ते करून बघायचो आणि पडायचो.

दलात कॉलला 'वर्दी' म्हणतात. वर्दी आली की वॉचरूममधला माणूस एका हाताने घंटा दाबायचा आणि दुसऱ्या हाताने पत्ता लिहायचा. पत्ता लिहून पूर्ण होईतो बंबाचं इंजिन सुरू झालेलं असे. गल्लीचं नाव यंत्रचालकाला धावत्या गाडीत सांगायचं. करावेच्या पोराचा न्याय इथेही होताच, फक्त घंटा पितळेची होती.

बंबांच्या शेजारी एक पांढरी अ‍ॅम्ब्युलन्स उभी असे. आत एक स्ट्रेचर, एक बाक, आणि पत्र्याची पेटी. पेटीत कापूस, टिंचर, बँडेजं आणि मोडलेलं हाड बांधायला लाकडी फळ्या. मामाला त्या गाडीबद्दल आदर नव्हता. "टॅक्सी आहे ती. आडवी टॅक्सी," तो म्हणायचा. त्याचा राग गाडीवर नव्हता. फायरमनला आग विझवायला महिनोन्‌महिने शिकवतात आणि माणूस हाताळायला थोडेच दिवस, यावर होता. जिना कोसळला, गिरणीत पट्ट्यात हात गेला, गाडीखाली कुणी आलं, की पहिला हात फायरमनचाच लागायचा. त्याने ढिगाऱ्यातून माणूस उपसून काढायचा, स्ट्रेचरवर ठेवायचा, आणि नंतर त्याचं काय झालं ते कधीच कळायचं नाही. मामाला ते कळायला हवं होतं. सुटीच्या दिवशी तो नायर किंवा जे. जे.ला जाऊन वॉर्डात चौकशी करून येई. मामी म्हणे, याला दुसरी नोकरी पण लागलीय, बिनपगारी.

निवृत्त झाल्यावर मामाने नेरूळला सिडकोचं घर घेतलं. तिसरा मजला, लिफ्ट नाही. तोवर इथला सगळा नकाशाच पालटला होता. 1970 च्या मार्चमध्ये नवं शहर वसवायला सिडको स्थापन झाली, 95 गावांच्या जमिनी संपादनात गेल्या, त्या लढ्यात जानेवारी 1984 मध्ये जासईला गोळीबार होऊन शेतकरी हुतात्मे झाले, आणि 1 जानेवारी 1992 पासून नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार सुरू झाला. आज वाशी, नेरूळ, सीबीडी बेलापूर, ऐरोली, कोपरखैरणे इथे पालिकेची अग्निशमन केंद्रं आहेत. क्षेत्र सुमारे 109 चौरस किलोमीटर, 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 11 लाखांवर.

मामा रोज सकाळी फिरायला निघे आणि त्याचे पाय आपोआप अग्निशमन केंद्राकडे वळत. तिथली तरुण मुलं त्याला बसायला खुर्ची देत. परत येऊन तो मला सांगे ते पाण्याबद्दल नव्हे, पत्त्यांबद्दल. मुंबईत पत्ता म्हणजे गोष्ट असते: अमक्या देवळामागे, तमक्या इराण्यासमोर. इथे पत्ता म्हणजे आकडे. सेक्टर, प्लॉट, इमारत क्रमांक. कागदावर किती सोपं. पण सेक्टर 10 वाशीत आहे, नेरूळमध्ये आहे, सानपाड्यात आहे, कोपरखैरणेत आहे, ऐरोलीत आहे, खाडीच्या पलीकडे खारघरमध्येही आहे. घाबरलेला माणूस फोनवर "सेक्टर दहा, लवकर या" एवढंच म्हणतो, आणि त्याला वाटतं आपण पत्ता सांगितला. एकाच शहरात एकच आकडा सहा ठिकाणी वाटणाऱ्या नियोजनकारांना मी अजून माफ केलेलं नाही.

याचा अनुभव आमच्याच इमारतीला आला. 108 ही रुग्णवाहिका सेवा तेव्हा सुरू झालेली नव्हती. समोरच्या ब्लॉकमधले एक निवृत्त शिक्षक सकाळी दाढी करता करता खाली बसले. तोंड वाकडं झालेलं, डावा हात लुळा. एका रुग्णालयाला फोन केला. गाडी निघालीही लगेच. पण ती गेली दुसऱ्याच नोडमधल्या (वाशी, नेरूळ हे असे नोड) त्याच क्रमांकाच्या सेक्टरला, तिथे त्याच क्रमांकाच्या प्लॉटवर एक बँक होती म्हणे. गाडी येईना तेव्हा मामाने वाट बघणं थांबवलं. हात असलेली प्लास्टिकची खुर्ची मागवली, दोन चादरी मागवल्या. एक चादर छातीवरून काखेखालून पाठीमागे बांधली, दुसरी घोट्यांवर. एक धट्टाकट्टा मुलगा खुर्चीच्या पाठीला, दुसरा पायांना. पाठीकडच्याने खुर्ची मागे कलती धरायची, पुढच्याने उलट्या पावली उतरायचं आणि पायऱ्या मोठ्याने मोजायच्या.

सरांची म्हातारी आई दारात आडवी आली. पाय पुढे करून माणसाला घराबाहेर काढायचं नसतं. पाय पुढे कुणाचे काढतात ते सगळ्यांना ठाऊक होतं, आणि क्षणभर सगळेच थांबले. मामा म्हणाला, "आक्का, डोकं वर राहिलं पाहिजे, म्हणून पाय पुढे. हे माझं रोजचं काम होतं." म्हातारी बाजूला झाली. रिक्षातून नेलं. सर वाचले, चालायलाही लागले, डावा हात मात्र परत आला नाही. मेंदूच्या झटक्यात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि तेही आधी डोक्याचं स्कॅन करून. ज्या रुग्णालयात ती सोय नाही तिथे आधी पोचणं म्हणजे वेळ घालवणं.

26 जानेवारी 2014 ला महाराष्ट्रात 108 सुरू झाली. 937 गाड्या, त्यातल्या 233 अद्ययावत उपकरणांच्या, बाकीच्या मूलभूत सोयींच्या. प्रत्येक गाडीत डॉक्टर, हे आपल्या राज्याचं वैशिष्ट्य. नियंत्रण कक्ष पुण्यात. शहरात 20 मिनिटांत पोचायचं, हा दंडक. मामाच्या 'आडव्या टॅक्सी'पेक्षा ही झेप फार मोठी आहे आणि लाखो माणसं तिने वाचवली आहेत. पण 11 कोटींच्या राज्याला 937 म्हणजे सुमारे सव्वा लाख माणसांमागे एक गाडी. ती एक रुग्ण घेऊन गेली की परत येईपर्यंत त्या सव्वा लाखांना दुसरीकडची गाडी. आणि 20 मिनिटं पाळली तरी काय? हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती कुणी दाबली नाही तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला 7 ते 10 टक्क्यांनी घटते. दहाव्या मिनिटाला फारसं काही उरत नाही. रक्तवाहिनी फाटली असेल तर त्याहूनही कमी वेळ.

शहराच्या प्रत्येक कोपऱ्यात काही मिनिटांवर, रात्रंदिवस, बूट विजारीत घालून तयार असलेली माणसं आपल्याकडे आहेतच. ती अग्निशमन केंद्रात बसलेली आहेत.

रुग्णाला पहिला हात त्यांनीच द्यावा, हे काही माझं संशोधन नव्हे. अमेरिकेत सिअ‍ॅटल शहरात 1970 साली हार्बरव्ह्यू रुग्णालयाचे डॉ. लेनर्ड कॉब आणि अग्निशमन प्रमुख गॉर्डन व्हिकरी यांनी हेच ओळखलं. हृदयरोगाच्या उपचारांसाठी त्यांनी फायरमनच निवडले आणि त्यांना रुग्णालयात शिकवलं. पहिली गाडी एक अवजड, बोजड घरगाडी होती, तिला फायरमन लाडाने 'मोबी पिग' म्हणत. त्यांची खरी युक्ती गाडीत नव्हती. जवळच्या केंद्रातून साधा बंब आधी निघायचा, त्यावरचे जवान छाती दाबायला, प्राणवायू लावायला शिकलेले. मोठी वैद्यकीय गाडी मागून यायची. लवकरच त्यांनी सामान्य नागरिकांना छाती दाबायला शिकवायची मोहीम काढली, कारण बंबाच्याही आधी पोचणारा माणूस शेजारी असतो. टोकियोतही गरज पडेल तिथे रुग्णवाहिकेबरोबर बंब धाडतात. जपानमध्ये आग आणि रुग्णवाहिका या दोन्हींचा क्रमांक एकच, 119.

अमेरिकेतली दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर आपण तिचीच नक्कल करून बसू. तिकडे आगी कमी झाल्या आणि अग्निशमन दलाकडे येणारे बहुतेक कॉल आता आजारपणाचे असतात. पाय मुरगळला तरी वीस टनांचा बंब दिवे लावून निघतो. इंधन जळतं, गाड्या झिजतात, जवान थकतात, आणि खरी आग लागली की जवळचा बंब कुणाच्या तरी पोटदुखीत अडकलेला असतो. फोन घेणाऱ्याने चार नेमके प्रश्न विचारून वर्गवारी केली तरच ही व्यवस्था चालते. श्वास चालू आहे का, शुद्ध आहे का, रक्त थांबतंय का, छातीत दुखतंय का. यांतल्या एकाचं उत्तर वाईट असेल तरच बंब. आणि बंबसुद्धा मोठा नको, मोटारसायकल पुरते. मुंबईत 108 च्या दुचाकी रुग्णवाहिका ऑगस्ट 2017 मध्ये सुरू झाल्या, त्या गर्दीत कशा घुसतात ते लोकांनी पाहिलंय.

नवी मुंबईत तर दुचाकीची गरज मुंबईहून जास्त, असं माझं मत. रुंद पाम बीच रस्ता बघून पाहुण्यांना वाटतं, इथे काय अडचण! त्यांना घणसोली गावठाणात न्या, गोठिवलीत न्या, तुर्भ्याच्या आतल्या गल्ल्यांत न्या. जमिनी गेल्यावर मूळ गावकऱ्यांनी वाढत्या कुटुंबासाठी गरजेपोटी घरं बांधली, ती एकमेकांच्या सज्जांना हात लागतील अशी उभी राहिली. बंब नाक्यावर थांबतो. रुग्णवाहिका त्याच्या मागे थांबते. तिथून स्ट्रेचर घेऊन चालायचं, वळणावर ते उभं करायचं, वरच्या मजल्यावरून माणूस चादरीत उतरवायचा. खाडीकाठच्या गावाला पूल मिळाला, पण शेवटचे तीनशे फूट अजून झोळीचेच आहेत. करावेच्या आजी हे हसून सांगत.

मग येतात हद्दी. इकडे नवी मुंबई महापालिका, खाडीपलीकडे 2016 साली झालेली पनवेल महापालिका, मध्ये एमआयडीसी, सिडको, बंदराचं वेगळं दल, तेल कंपन्यांचं वेगळं. 3 सप्टेंबर 2019 ला उरणच्या ओएनजीसी प्रकल्पात सकाळी आग लागली आणि चार जण दगावले. त्यातले तिघे सीआयएसएफच्या अग्निशमन पथकातले. म्हणजे पुन्हा आधी धावलेलेच. मोठ्या आगीत आसपासची दलं एकमेकांच्या मदतीला येतात, ती पद्धत चांगली रुळली आहे. पण रस्त्यावर एकटा पडलेला माणूस कुणाच्या हद्दीत पडला यावर अजून खल होतो. पोलिसांचा क्रमांक वेगळा, आगीचा 101, रुग्णवाहिकेचा 108, बाळंतिणींसाठी 102, आणि सगळ्यांसाठी म्हणून 112. इतके क्रमांक पाठ असणारा माणूस सहसा धडधाकट असतो.

कुठे न्यायचं, हा आजोबांचा प्रश्नही सुटलेला नाही. मे 2015 मध्ये मुंबईत काळबादेवीची गोकुळ निवास ही जुनी इमारत आगीत कोसळली. संजय राणे आणि महेंद्र देसाई हे अग्निशमन अधिकारी त्यात दगावले. अग्निशमन प्रमुख सुनील नेसरीकर आणि उपप्रमुख सुधीर अमीन गंभीर भाजले. त्यांच्यावर उपचार झाले ते आमच्या ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये, आणि दोघेही त्याच महिन्यात गेले. मुंबईच्या दलाचा प्रमुख खाडी ओलांडून ऐरोलीला आणावा लागतो, यातच भाजलेल्या रुग्णांच्या सोयी किती थोड्या आहेत ते कळतं. मामा ते दोन आठवडे रोज पेपरात तेवढीच बातमी वाचायचा. तो त्या पिढीतला नव्हता, त्यांना ओळखतही नव्हता, पण दलातल्या माणसांना त्याने काही फरक पडत नाही.

भाजलेला रुग्ण, डोक्याला मार लागलेला, हृदयविकाराचा, मेंदूच्या झटक्याचा, या चौघांची रुग्णालयं वेगवेगळी असतात. कुठे खाट रिकामी आहे, कुठे स्कॅन चालू आहे, कुठला सर्जन आत्ता हजर आहे, ही माहिती गाडी निघतानाच चालकाच्या हातात हवी. ती नसते म्हणून गाड्या एका दारातून दुसऱ्या दारी फिरतात. कोरोनात वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रात 1,200 खाटांचं रुग्णालय उभं राहिलं आणि पालिका रिकाम्या खाटांचा हिशोब रोज जाहीर करू लागली. जमत होतं ना? साथ ओसरली तसा तो हिशोबही ओसरला. मला विचाराल तर नव्या रुग्णवाहिका घेण्याआधी हा तक्ता परत सुरू करावा. दुसरी एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट: रुग्णालयात पोचल्यावर तिथे खाट किंवा स्ट्रेचर नसतं, म्हणून रुग्ण गाडीच्याच स्ट्रेचरवर पडून राहतो आणि गाडी स्ट्रेचरची वाट बघत फाटकाशी उभी राहते. कॅज्युअल्टीच्या दारात चार जादा स्ट्रेचर ठेवली तर शहराच्या गाड्या आपोआप वाढतात. याचं उद्घाटन होत नाही, फीत कापता येत नाही, ही त्यातली खरी अडचण.

16 एप्रिल 2023 ला खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला लाखो लोक भर उन्हात बसले होते. उष्माघाताने 14 माणसं दगावली. त्यावर राजकारण भरपूर झालं, त्यात मला पडायचं नाही. मामा तेव्हा अंथरुणाला खिळलेला होता. टीव्हीवरची ती दृश्यं बघून तो एवढंच म्हणाला, "पाणी मारा रे त्यांच्यावर." उष्माघातात पहिला उपचार तोच आहे. तिथल्या तिथे अंगावर पाणी, वारा, सावली, आणि मग रुग्णालय. मोठ्या मेळाव्यांना बंदोबस्तात बंब उभा असतोच, हजारो लिटर पाणी भरून. तो आगीसाठी उभा असतो. त्याच्यावरच्या जवानाला माणूस तापून बेशुद्ध पडल्याची लक्षणं ओळखायला शिकवलं आणि तसं करायचा हुकूम दिला, तर तोच बंब चालता-बोलता दवाखाना होतो.

शिकवणं अवघड नाही. छातीच्या मध्यभागी तळहात ठेवून मिनिटाला 100 ते 120 वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबायचं. वाहतं रक्त थेट दाबून धरायचं. मान हलू द्यायची नाही. बेशुद्ध, पण श्वास चालू असलेल्या माणसाला कुशीवर वळवायचं आणि त्याच्या तोंडात पाणी ओतायचं नाही. प्रथमोपचार हा फायरमनच्या अभ्यासक्रमात पहिल्यापासून आहे, पण भरतीच्या वेळी शिकलेलं दहा वर्षांनी हाताला आठवत नाही. होज कसा टाकायचा याचा सराव नेमाने होतो, तसाच पुतळ्याच्या छातीवर व्हायला हवा. प्रत्येक बंबावर एक झटका देणारं यंत्र, एक प्राणवायूचा सिलिंडर आणि रक्त थांबवायचे पट्टे, एवढं सामान पुरे. पुण्यातल्या 108 च्या कक्षात वाशी-नेरूळचा गंभीर कॉल आला की त्याच क्षणी इथल्या केंद्राच्या वॉचरूममध्येही घंटा व्हायला हवी. डॉक्टरची गाडी येईल तेव्हा येईल, बंबावरची माणसं तोवर त्या माणसाला टिकवून धरतील. यासाठी नवं खातं नको, नवा क्रमांक तर मुळीच नको. जवानांवरचं ओझं वाढेल हे खरं, म्हणून भरती करावी लागेल आणि या कामाचा भत्ता द्यावा लागेल. फुकटात मिळालेली कार्यक्षमता दुसऱ्या वर्षी मोडून पडते.

पोलिसांच्या झंझटीला भिऊन लोक जखमीला हात लावत नसत, तो काळही निदान कायद्यापुरता सरला आहे. कुठल्याही डॉक्टरने तातडीच्या रुग्णाला नाकारू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने 1989 साली परमानंद कटारा खटल्यात सांगितलं. मदत करणाऱ्याला त्रास देऊ नये, असं 2016 साली सांगितलं आणि 2019 च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीत ते कलम 134-अ म्हणून आलं. मदत करणाऱ्याला स्वतःचं नावसुद्धा सांगायची सक्ती नाही. हे शहरातल्या किती रिक्षावाल्यांना ठाऊक आहे, ते एकदा विचारून बघा.

मामा गेला तो घरीच, म्हातारपणाने, कुणालाही फोन करावा न लागता. त्याच्या मागे सोसायटीने एक गोष्ट केली, आणि ती प्रत्येकाने करावी म्हणून हा सगळा प्रपंच. आपल्या फाटकावर नोडचं नाव, सेक्टर आणि प्लॉट क्रमांक हातभर अक्षरांत लिहा, वर दिवा लावा. रात्रपाळीच्या वॉचमनकडे फाटकाची आणि गच्चीची किल्ली आहे का ते आज रात्रीच बघा. फोन केल्यावर घरातलं एक माणूस रुग्णाजवळ थांबू दे आणि दुसऱ्याने खाली रस्त्यावर जाऊन उभं राहावं. आणि 108 लावा की 101, आधी वाशी की नेरूळ ते सांगा, सेक्टरचा आकडा त्यानंतर.